पुअर पहिल्यांदा पिताना: रोजच्या चहावरून निवड करा

पुअर म्हणजे मुरवलेला चिनी चहा. तो विकत घेण्याआधी आपल्या घरात कोण कसा चहा पितं ते बघून घ्या. आमच्याकडे मला आल्याचा, दूध कमी आणि चांगला उकळलेला लागतो. हिला गवती चहाची पात आणि साखर हवी. मुलगी बंगळुरूला नोकरीला लागल्यापासून दार्जिलिंग पिते, कोरा, बिनसाखरेचा. एकच पुअर आम्हा तिघांना आवडणं कठीण. "मातकट लागला, परत नाही घेतला" असं सांगणारे बरेच जण मला भेटतात. त्यांना फक्त त्यांच्या जिभेला न मानवणारा प्रकार आधी मिळालेला असतो.

हा चहा चीनच्या युन्नान प्रांतातला. झाड मोठ्या पानाचं, आपल्या आसामच्या चहाच्याच जातीचं. चव वेगळी होते ती पुढच्या कामामुळे. खुडलेलं पान कढईत बेताच्या आचेवर परततात, वळतात आणि उन्हात वाळवतात. मग वाफ देऊन, दाबून त्याच्या चकत्या करतात. अशा चकतीला शेंग म्हणतात. नवी असताना ती हिरवट, कडसर, तोंडाला तुरट. वर्षं जातात तशी सूक्ष्म जिवाणू, बुरशी आणि हवा मिळून तिला मुरवतात. रंग लालसर होतो, धार कमी होते, काही जुन्या शेंगमध्ये तर कापराचा वास येतो.

इतकी वर्षं थांबायला सगळ्यांना जमत नाही, म्हणून दुसरा प्रकार निघाला, शौ. १९७३ साली युन्नानमधल्याच कुनमिंग शहरातल्या कारखान्यात ही पद्धत बसवली. वाळलेल्या पानांचे मोठे ढीग करायचे, पाणी मारायचं, वरून झाकायचं. ढीग आतून तापतो, मधूनमधून तो उलथतात आणि दीडदोन महिन्यांत पान काळंभोर होतं. शौ प्यायला काळ्या कॉफीसारखा गडद दिसतो, पण घशाला अगदी मऊ. ओली माती, जुनं लाकूड, खजूर असा त्याचा वास.

आता निवड. उकळलेला कडक चहा पिणाऱ्यांनी शौपासून सुरुवात करावी. रंगाची, दाटपणाची सवय असते, त्यामुळे दूध नसल्याचं फार जाणवत नाही. दार्जिलिंग किंवा ग्रीन टी कोरा पिणाऱ्यांना तरुण शेंग आवडेल. तिचा कडवटपणा सुरुवातीला बोचतो, पण आवळा खाऊन पाणी प्यावं तसा घोट गेल्यावर गोडवा मागे येतो. गवती चहावाल्यांसाठी हाँगकाँगची रीत चांगली, शौमध्ये सुकवलेली शेवंतीची फुलं टाकायची. आमच्या हिने पुअर स्वीकारला तो असाच.

विकत घेताना पहिल्यांदाच ३५७ ग्रॅमची अख्खी चकती घेऊ नका. पाकिटात सुटा तुकडा मिळतो, २५ ग्रॅमचा, तेवढा पुरे. पाच ग्रॅमच्या छोट्या वाटीच्या आकाराच्या गोळ्याही मिळतात, पण त्यात बहुधा चुरा असतो. वेष्टनावर ७५७२ असा आकडा दिसला तर तो चहा १९७५ चा आहे असं समजू नका. पहिले दोन अंक मिश्रण ठरवल्याचं वर्ष, तिसरा पानाची प्रत, चौथा कारखाना. इथे २ म्हणजे मेंगहाई. चहा कधी बनला ती तारीख वेगळी छापलेली असते. आणि "पन्नास वर्षं जुना" असं सांगून कुणी स्वस्तात देत असेल तर सरळ नको म्हणा. २००७ मध्ये पुअरचे भाव आकाशाला भिडून कोसळले. पैसा आला की नकली मालही येतो. पाचसहा वर्षांचा साधा शौ शिकायला उत्तम.

करायची पद्धत अवघड नाही. चकती फोडायला सुरी वापरू नका, पान तुटतं आणि चहा कडू होतो. जाड दाभण घ्या, कडेने आडवी आत सारा, हलकेच उचला. थर सुटतो. दाभणीचं टोक स्वतःच्या हाताच्या दिशेने कधीही धरू नका.

शंभर मिलिलिटर पाण्याला पाच ग्रॅम पान. चिनी मातीचा झाकणाचा कप असेल तर छान, नसेल तर लहान किटली आणि गाळणी. पाणी खळखळ उकळतं हवं. शौ आणि जुन्या शेंगला कोमट पाणी चालतच नाही. तरुण शेंग फार कडवट लागली तर पाणी मिनिटभर निवू द्या. पहिलं पाणी ओतून पाच सेकंदांत फेकायचं. त्याने धूळ जाते आणि घट्ट दाबलेलं पान सुटायला लागतं. नव्या शौला कधीकधी माशासारखा वास येतो, तोही बराच कमी होतो. तसा वास असेल तर दोनदा धुवा.

मग पाणी ओता, दहा सेकंद मोजा आणि सगळं गाळून घ्या. पान पाण्यात राहू देऊ नका. दुसरं पाणी दहा, तिसरं पंधरा, पुढे थोडंथोडं वाढवत न्या. चांगलं पान आठदहा पाणी देतं. आपल्याला एकदाच उकळून संपवायची सवय, त्यामुळे हे नवीन वाटतं, पण पुअरची खरी मजा यातच आहे. तिसऱ्याचौथ्या पाण्याला चव उघडते, सहाव्यानंतर गोडी पुढे येते. एकच कप पिऊन मत बनवू नका. पान थकलं की सगळं पातेल्यात टाकून दहा मिनिटं उकळा. हा शेवटचा काढा मला सगळ्यात जास्त आवडतो, कडक पिणाऱ्यांनी जरूर करून बघावा.

मी बोटीवर इंजिनात होतो. हाँगकाँगला लागलो की सकाळी चहाघरात जायचो. तिथे पुअरला बोलेई म्हणतात आणि वाफवलेल्या, तळलेल्या तेलकट खाण्याबरोबर पितात. समोरच्याने आपल्या कपात चहा ओतला की दोन बोटं टेबलावर हलकेच आपटायची, हे त्याचे आभार. किटली रिकामी झाली की झाकण बाजूला सरकवून ठेवायचं, पोऱ्या गरम पाणी घालून जातो. तेव्हापासून माझ्या मते शौची खरी वेळ जेवणानंतरची. रविवारी मटण झालं की आम्ही तोच करतो. सकाळचा आल्याचा चहा मी त्यासाठी सोडलेला नाही, सोडायची गरजही नाही. शेंग मात्र रिकाम्या पोटी घेऊ नका, मला तरी ती खवळते. झोप हलकी असेल तर दोन्ही प्रकार संध्याकाळनंतर टाळा, कॅफीन भरपूर असतं.

पाहुण्यांना द्यायचा असेल तर सांगूनच द्या, की दूध-साखर नाही, कप लहान आहे, आणि पुन्हापुन्हा मिळणार आहे. माझे मेहुणे पहिल्या कपाला नाक मुरडतात आणि पाचव्याला स्वतः कप पुढे करतात.

साठवण ही आम्हा रत्नागिरीकरांची खरी परीक्षा. पुअरला साधारण साठ ते सत्तर टक्के दमटपणा मानवतो. पावसाळ्यात इथली हवा त्याच्या फार पुढे जाते. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र स्वस्तात मिळतं, ते कपाटात ठेवा. मिरग लागायच्या आधी चकत्या कागदासकट घट्ट झाकणाच्या डब्यात घालायच्या. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की बाहेर काढून मडक्यात ठेवायच्या, तोंडाला सुती फडकं. फ्रिज नको, ऊन नको. मसाले, अगरबत्ती, डांबराच्या गोळ्या आणि सुकट यांच्यापासून तर कपाटच वेगळं हवं, कारण पान वास ओढून घेतं. चकतीवर हिरवी, पिवळी किंवा पांढरी लव दिसली तर झटकून वापरू नका, टाकून द्या.

शौ आजच प्या, शेंगची एखादी चकती मात्र बाजूला ठेवा. वेष्टनावर पेनाने घेतल्याचा महिना आणि वर्ष लिहा. मडकं उघडाल तेव्हा कडेचा थोडा तुकडा काढून तेवढ्याच पाण्यात, तेवढाच वेळ ठेवून चाखा आणि कडवटपणा किती उतरला ते त्याच कागदावर नोंदवा.