अननसाच्या पानांचा धागा: या चुका टाळा

धागा काढायला बसलेल्या नवख्याला एकच ध्यास असतो: गोंद घालवायचा, सगळाच्या सगळा. तिथेच माल हातचा जातो. या पानातली एकेक तंतुपेशी जेमतेम ३ ते ९ मिलिमीटर लांब. हातभर लांब दिसतो तो धागा म्हणजे अशा पेशींचा जुडगा, लिग्निन आणि पेक्टिन या पानातल्याच गोंदाने चिकटलेला. गोंद पूर्ण गेला की भुसकट उरतं.

गर सुटावा म्हणून पानं पाण्याच्या टाकीत कुजवताना हे हमखास घडतं. तिसऱ्या दिवशी गर जरा चिकट लागतो, म्हणून ‘राहू दे अजून चार दिवस’. मग टाकी उघडली की धागा पांढरा, मऊसूत, सगळे खूश. वाळवून विंचरायला घेतला की निम्मा आखूड तुकडे होऊन फणीखाली. दिवस मोजून टाकी चालवणाऱ्यांचं असंच होणार, कारण पाणी उबदार असलं की कुजणं भराभर होतं. दुसऱ्या दिवसापासून रोज एक पान काढा, मधोमध नख लावून ओढा. गर सरकला आणि धागा ओढ सोसतोय, की त्याच दिवशी सगळी पानं बाहेर. थोडा गर राहिला तर राहू द्या, धुताना जातो. आणि बुडवण्याआधी पान खरवडा. वरच्या मेणकट सालीतून पाणी शिरत नाही; मग बाहेर कुजलेलं, आत कच्चं.

उरलेला गोंद काढायला धागा कॉस्टिक सोड्यात बुडवतात, तिथेही हाच हावरटपणा. ५ टक्के, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम, तासभर, साध्या तापमानाला, बस्स. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं चालत नाही. नंतर भरपूर पाण्याने धुऊन पातळ व्हिनेगरमध्ये बुचकळा. सोडा आत राहिला तर धागा पिवळा पडतो.

सुकलेली पानं घेऊ नका, गर धाग्यालाच चिकटून बसतो. तोडल्या दिवशीच खरवडलेली उत्तम.

१०० किलो ओल्या पानांतून २ ते ३ किलो धागा निघतो. ‘एवढाच?’ म्हणून पानं खरवडणाऱ्या यंत्राची पाती आणखी जवळ आणाल तर तेवढाही तुटून चोथ्यात जाईल.

भरड आणि बारीक एकत्र करू नका. फिलिपिन्सच्या आकलान प्रांतात भरड ‘बास्तोस’ फुटक्या बशीच्या कडेने आधी काढतात, मग त्याखालचा तलम ‘लिनिवान’ नारळाच्या करवंटीने. ‘पिन्या’ हे अननसाच्या धाग्याचं तलम कापड होतं ते लिनिवानचं. दोन्ही मिसळून कातलेलं सूत जाड-बारीक येतं आणि मागावर तुटत राहतं.

धागा वितळलेल्या प्लास्टिकमध्ये मिसळणाऱ्यांची घाई वेगळीच. हा धागा हवेतला ओलावा पितो. न वाळवता टाकलात तर वाफेचे बुडबुडे आत राहतात. ८० अंशांवर काही तास वाळवून लगेच वापरा. २०० अंशांपुढे धागा करपायला लागतो, म्हणून त्याआधीच वितळणारं पॉलिप्रॉपिलीन चालतं, नायलॉन-६ नाही: ते वितळतंच २२० च्या आसपास.