पेरूतल्या थडग्यांतलं अन्न: अर्थ लावण्याआधी हातमोजे तपासा

पेरूच्या किनारपट्टीवरच्या प्राचीन थडग्यांतल्या अन्नावर काम सुरू करत असाल, तर प्रतिष्ठा, सत्ता, पूर्वज हे सगळं थोडं बाजूला ठेवा. आधी हातमोज्यांचा खोका बघा. मोज्यांवरची पावडर बहुतेक वेळा मक्याच्या स्टार्चची असते, आणि मडक्याच्या तळाशी तुम्ही शोधताय तोही मक्याचाच स्टार्च! कण एकदा मिसळले की सूक्ष्मदर्शकाखाली ते खात्रीने वेगळे काढता येत नाहीत, नमुना गेलाच. ‘बिनपावडरचे’ मोजेही डोळे झाकून घेऊ नका. प्रत्येक खोक्यातला एक मोजा शुद्ध पाण्यात खळबळून ते पाणी तपासा. टेबलावर रोज एक कोरी काचपट्टी उघडी ठेवा. तिच्यावर मक्याचा कण सापडला, तर त्या दिवसाचे निकाल बाजूला ठेवा. खड्ड्याच्या काठावर भाजलेला मका कुणालाही खाऊ देऊ नका.

भांडं जागेवर रिकामं करू नका. मातीसकट उचला, तळाची माती वेगळी काढा. भांड्याबाहेरची आणि थडग्याच्या भरावातली मातीही घ्या, कारण थडगी अनेकदा जुन्या उकिरड्यात खणलेली असतात. भरावातलं कणीस उकिरड्यातलं असू शकतं. भोपळ्याच्या वाडग्यात ठेवलेल्या कणसाची गोष्ट वेगळी. ‘तुलनेचे नमुने नंतर बघू’ म्हणणाऱ्या मार्गदर्शकाचं या बाबतीत ऐकू नका.

धीर मात्र सोडू नका. हा किनारा इतका कोरडा आहे की भुईमुगाच्या शेंगा टरफलासकट हाती लागतात.

अर्थ लावताना नुसती यादी करू नका, काय नाही तेही पाहा. मोचे, म्हणजे पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या इंकांआधीच्या संस्कृतीच्या, थडग्यांत लामाचं डोकं आणि पाय मिळतात, मांसल भाग बऱ्याचदा नसतो. तो जिवंत माणसांच्या पंगतीत गेला असावा, असं मला वाटतं. सान होसे दे मोरो या मोचे दफनभूमीत तर चिचाचे, म्हणजे मक्याच्या मद्याचे, मोठाले रांजण सापडलेत. थडग्यातलं अन्न आधी पंगत घालणाऱ्यांबद्दल सांगतं. मृत व्यक्ती रोज काय खायची, ते हाडांना आणि केसांना विचारा. अर्जेंटिना-चिली सीमेवरच्या युयाइयाको शिखरावर 1999 साली सापडलेल्या इंका मुलीच्या केसांतून दिसलं, की मृत्यूच्या सुमारे वर्षभर आधी तिच्या आहारात मका आणि मांस वाढलं होतं. मात्र किनाऱ्यावरच्या हाडांत नायट्रोजनचं मूल्य (जड आणि हलक्या नायट्रोजनचं गुणोत्तर, मासे खाल्ले की ते वाढतं) चढं आलं, की लगेच ‘मासे’ लिहू नका. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचं खत घातलेल्या मक्यामुळेही ते चढतं. आधी त्याच ठिकाणच्या जुन्या कणसांचं मूल्य मोजून घ्या.