जीएम टाळायचंय? मग भाजी सोडा, तेल वाचा

जीएम म्हणजे जनुकीय बदल केलेलं पीक. ते टाळायचं तर फळांवरचे स्टिकर वाचत बसू नका. ‘आठने सुरू होणारा पाच आकडी नंबर म्हणजे जीएम’ हा निरोप आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन महिन्यांनी येतो. ते आकडे राखून ठेवले होते हे खरं, पण दुकानात कधी वापरलेच गेले नाहीत. बिनबियांची द्राक्षं जीएम नाहीत, संकरित टोमॅटोही नाही. बीटी वांगं, म्हणजे किडीविरुद्ध जीवाणूचं जनुक घातलेलं, २०१० पासून स्थगित आहे. आपल्याकडे कायदेशीरपणे मोठ्या प्रमाणावर पिकतं ते एकच जीएम पीक, बीटी कापूस, तोही २००२ पासून. कापूस कोण खातं? आपणच खातो, सरकीच्या तेलातून.

तेव्हा पाकीट उलटं करा. ‘खाद्य वनस्पती तेल’च्या पुढे कंसात कॉटनसीड दिसलं की ती सरकी. सोयाबीन दिसलं तर थांबा. देशी सोयाबीन जीएम नाही, पण अर्जेंटिना-ब्राझीलहून येणारं तेल बहुतेक जीएम बियांचंच.

अमेरिकन पाकिटावर ‘बायोइंजिनिअर्ड’ शब्द शोधा, तिथे जीएमला तोच शब्द आहे.

आता कंपनीला लिहायचं. इथेच मी वर्षभर अडकलो होतो. ‘तुमच्या मालात जीएम आहे का?’ असं विचारायचो आणि ‘आमची सर्व उत्पादने नियमांनुसार आहेत’ एवढंच उत्तर यायचं. तीनदा तेच, स्वल्पविरामासकट. मोघम विचारलं की मोघमच मिळतं. म्हणून एकच पाकीट घ्या, त्याचा बॅच नंबर लिहा आणि तीनच प्रश्न विचारा: कंसातल्या तेलांपैकी या बॅचमध्ये नक्की कोणतं वापरलं? सोयाबीन असेल तर देशी की आयात? पुरवठादाराकडून नॉन-जीएम प्रमाणपत्र घेतलंय का? शेवटी एक ओळ टाका: वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियमांनुसार १ जानेवारी २०१३ पासून जीएम अन्नाच्या पाकिटावर वरच्या बाजूला ‘जीएम’ छापणं बंधनकारक आहे. सरकी तेलाच्या पिशवीवर ती अक्षरं मी तरी अजून पाहिलेली नाहीत.

फोन करू नका, हातात कागद उरत नाही. आणि कॅन्सर-बिन्सर अजिबात लिहू नका. तो शब्द दिसला की पत्र वकिलाच्या टेबलावर जातं आणि तिथेच राहतं. मला स्वतःला ते तेल विषारी वाटत नाही. मी पैसे मोजतो, तर त्यात काय आहे ते सांगा, एवढीच माझी मागणी.

‘लॅबमध्ये तपासून घे’ हा सल्लाही ऐकू नका. मी ऐकला आणि पैसे घालवले. लॅब शोधते डीएनए, आणि रिफाइंड तेलात तो जवळजवळ उरतच नाही. अहवालात ‘आढळले नाही’ आलं तरी बी कुठलं होतं ते कळत नाही.

उत्तर आलं की जपून ठेवा, पंधरा दिवसांत नाही आलं तर तेच पत्र पुन्हा पाठवा.

तोवर घाण्याचं शेंगदाणा किंवा करडई तेल आणा, पाकीटबंद मालावर ‘जैविक भारत’चं (सेंद्रिय मालाचं) चिन्ह बघा. सुट्टं फरसाण घेताना मात्र दुकानदाराच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका. कढईशेजारी तेलाचा डबा असतो, तो वाचा.