स्प्रिंटमध्ये नेमकं किती काम घ्यायचं?

आमची सॉफ्टवेअर टीम सहा जणांची, स्प्रिंट (म्हणजे कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा) दोन आठवड्यांचा. दरवेळी ४० पॉइंट (काम किती मोठं याचा अंदाजी आकडा) घ्यायचो आणि २६ च्या आसपास अडकायचो. मग शेवटचे दोन दिवस सगळे रात्री जागायचे. ते बघवत नव्हतं.

चूक हिशेबात होती. ६ माणसं, १० दिवस, रोज ८ तास, म्हणजे ४८० तास असं आम्ही धरत होतो. दोन स्प्रिंट मी नुसती नोंद ठेवली. मीटिंगा, कोड रिव्ह्यू (एकमेकांचा कोड तपासणं), प्रॉडक्शनमधले म्हणजे चालू सिस्टीममधले बग वजा जाता माणशी रोज ५ तासच उरत होते. त्यात सगळ्यांच्या मिळून रजांचे ६ दिवस. राहिले २७० तास!

आता मागच्या ३ स्प्रिंटमध्ये खरोखर पूर्ण झालेल्या पॉइंटांची सरासरी काढतो. अर्धवट राहिलेल्या स्टोरीचे (म्हणजे कामाच्या एका तुकड्याचे) पॉइंट धरत नाही. यावर बराच वाद झाला, पण मी ठाम राहिलो. नेहमीपेक्षा जास्त रजा असतील तर त्या प्रमाणात आकडा कमी करतो. बगसाठी वेगळी वजावट नको, ती सरासरीत आलेलीच असते.

पहिल्यांदा २६ च घेतले तेव्हा प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणाऱ्या) नाराज झाल्या. त्या स्प्रिंटला २४ झाले, पुढच्याला पूर्ण २६. आता रिलीजची तारीख त्या याच आकड्यावरून ठरवतात.