जपानमध्ये शेजारच्या मुलांना इंग्रजी कसं शिकवावं

नवऱ्याच्या नोकरीमुळे तोक्योला आलेल्या आपल्याकडच्या कितीतरी जणी निशी-कासाई भागात राहतात. लिफ्टमध्ये भेटणारी जपानी मुलं "हॅलो" म्हणतात आणि लाजून पळतात. त्यांना इंग्रजी शिकवावंसं वाटत असेल तर जरूर शिकवा.

आधी मुलांच्या आईवडिलांशी बोला. दिवस, वेळ, जागा पक्की करा. आठवड्यातून एकदा पाऊण तास पुरतो. पैसे घेऊ नका, कारण डिपेंडंट व्हिसावर कमाई करायला वेगळी परवानगी लागते. खाऊ द्यायचा तर अ‍ॅलर्जी विचारून घ्या. शेंगदाण्याची चिक्की तर विचारल्याशिवाय मुळीच पुढे करू नका.

तिथल्या शाळांत २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय आहे आणि तिसरी-चौथीत तोंडओळख होते. त्यामुळे तुमच्याकडे पुन्हा वही-पुस्तक नको. मुलांच्या तोंडात जे इंग्रजी शब्द आधीच आहेत, तिथून सुरुवात करा. जपानी शब्द 'न्' सोडला तर स्वरावरच संपतो, म्हणून मिल्कचं 'मिरुकु' होतं आणि हॉटेलचं 'होतेरु'. हा जादाचा स्वर काढणं, हेच खरं तुमचं काम.

त्यासाठी टाळ्या वापरा. 'मि-रु-कु' म्हणताना तीन टाळ्या वाजवायला सांगा. मग तुम्ही एकाच टाळीत 'मिल्क' म्हणा. पुढे 'कु-रि-सु-मा-सु'च्या पाच टाळ्या आणि ख्रिसमसच्या दोन. मुलं लगेच मोजायला लागतात आणि फरक कानाला आपोआप कळतो.

ल आणि र यांच्या मागे मात्र सुरुवातीलाच लागू नका. मी पहिल्याच दिवशी 'लाइट' आणि 'राइट' घोकून घेतलं, तर एक मुलगी तासभर गप्प बसली. चारचौघांत चुकण्याची या मुलांना फार लाज वाटते, 'हाझुकाशी' हा शब्द सारखा कानावर येतो. म्हणून आधी सगळ्यांनी मिळून म्हणायचं, मग दोघादोघांनी, एकट्याला उभं करणं अगदी शेवटी.

काही शब्द फसवे असतात. 'मान्शोन' म्हणजे तिथे साधी फ्लॅटची इमारत आणि 'कोन्सेन्तो' म्हणजे भिंतीतला प्लगचा सॉकेट. हे आधी माहीत असलं तर मूल "मी मॅन्शनमध्ये राहतो" म्हणालं तरी तुम्ही गोंधळणार नाही.

दर वेळी शेवटची पंधरा मिनिटं 'कारुता' खेळा. चित्रांचे पत्ते जमिनीवर पसरायचे, एकाने शब्द पुकारायचा, बाकीच्यांनी झडप घालून पत्ता उचलायचा. हा खेळ त्यांच्या घरचाच, नवीन वर्षाला हमखास खेळला जातो. पत्ते विकत आणायची गरज नाही. टपालपेटीत येणाऱ्या सुपरमार्केटच्या जाहिराती कापून गाजर, अंडी, मासे पुठ्ठ्यावर चिकटवा.

चार-पाच आठवड्यांनी पुकारायचं काम मुलांकडे द्या आणि तुम्ही पत्ते उचलायला बसा. आमच्याकडे त्या गप्प बसणाऱ्या मुलीने पहिला पत्ता पुकारला, "एग!" शेवटचा 'गु' न लावता.