फारकत घेताना सामाईक खाती कशी वेगळी करावीत: आधी सिम, मग पासवर्ड

घटस्फोटाची बोलणी लागली की घर, शेत, दागिने यांच्या याद्या होतात. फोनमधल्या खात्यांची यादी कुणी करत नाही. मग बायको माहेरी अंबाजोगाईला, गॅसची टाकी दारात, आणि डिलिव्हरीचा कोड जातो चाकणला कंपनीत असलेल्या नवऱ्याच्या फोनवर. नोंदवलेला नंबर त्याचाच असतो ना.

म्हणून पासवर्ड बदलायची घाई नको. आपण वापरतो ते सिम कोणाच्या नावावर आहे, ते मोबाइल कंपनीच्या स्टोअरमध्ये आधी विचारा. ज्याच्या नावावर सिम, त्याला डुप्लिकेट सिम काढता येतं, आणि त्यासोबत तुमचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात. दोघं राजी असतील तर दोघांची कागदपत्रं देऊन सिम नावावर करून घ्या. समोरचा अडून बसला तर वाद न घालता स्वतःच्या आधारवर नवा नंबर घ्या.

नवा नंबर सगळ्यात आधी आधारला जोडा. आधार केंद्रावर स्वतः गेलात तर ठसे घेतात, वेगळं कागदपत्र लागत नाही. त्यानंतर बँक, शाखेत अर्ज द्या आणि यूपीआय नव्याने चालू करा. मग ईमेल, गॅस, महावितरण, मुलांची शाळा. हे सगळं उरकेपर्यंत जुनं सिम रिचार्ज करून जिवंत ठेवा. बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो, मग तुमच्या बँकेचे मेसेज त्या परक्या माणसाला. ‘लाडकी बहीण’ योजनेत घटस्फोटित महिलाही बसतात, पण 1,500 रुपये आधारशी जोडलेल्या खात्यातच पडतात. ती जोडणी कोणत्या बँकेला आहे, तेही याच फेरीत पाहून घ्या.

आता ईमेल. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात रिकव्हरीचा (पासवर्ड विसरल्यास खातं परत मिळवायचा) नंबर आणि रिकव्हरी ईमेल आपला टाका, अनोळखी उपकरणं साइन आउट करा, मगच पासवर्ड बदला. एवढ्यावर थांबलात तर फसाल. मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग आणि फोटोंमधलं पार्टनर शेअरिंग (आपले फोटो आपोआप जोडीदाराला दिसणं) पासवर्ड बदलून बंद होत नाही, ते हाताने बंद करावं लागतं. व्हॉट्सॲपचंही तसंच: ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा, सासरच्या लॅपटॉपवर तुमच्या चॅट अजून दिसत असतील.

गूगलचा फॅमिली ग्रुप, म्हणजे घरच्यांनी मिळून वापरायची साठवण, असेल तर सोडण्याआधी तुम्ही किती जागा वापरता ते मोजा. एकट्याला फुकट मिळते 15 जीबी. त्याहून जास्त भरलेलं असेल तर ग्रुपबाहेर पडताच नवे ईमेल येणं थांबतं, आणि नेमका वकिलाचा मेल परत जातो. आधी टेकआउटमधून, म्हणजे खात्यातला डेटा उतरवून घ्यायच्या गूगलच्या सोयीतून, फोटो हार्डडिस्कवर घ्या. डाउनलोडची लिंक काही दिवसच चालते. लग्नाचे, मुलांचे फोटो दोघांनाही एकेक प्रत द्या. यावर भांडणं होतात आणि ती अगदीच फुकाची असतात.

पैसे कापणारी खाती वेगळी बघा. ॲप काढून टाकलं म्हणजे ऑटोपे (ठरलेल्या तारखेला आपोआप पैसे कापणं) थांबत नाही. यूपीआय ॲपमध्ये जाऊन तो रद्द करावा लागतो. पण डोळे मिटून सगळे रद्द करू नका, त्यातच विम्याचा हप्ताही असू शकतो.

ओटीटीवर वेळ घालवू नये. नेटफ्लिक्सचं प्रोफाइल नव्या खात्यात हलवता येतं. एखाद्या ॲपचे वर्षाचे 1,200 रुपये भरलेत आणि सात महिने उरलेत, तर 700 शिल्लक. खातं ठेवणाऱ्याने 350 द्यावेत आणि विषय संपवावा.

दोन गोष्टी टाळा. जोडीदाराचा पासवर्ड माहीत असला तरी त्याच्या खात्यात शिरू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66क खाली दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरल्यास 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि प्रकरण चालू असताना चॅट, मेल, व्यवहार पुसू नका. तोच पुरावा असतो.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब खाली परस्पर संमतीचा घटस्फोट असेल तर अर्जानंतर साधारण 6 महिने थांबावं लागतं. न्यायालय ही मुदत माफही करू शकतं, तेव्हा कामं शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. संमतीच्या अटींत कोणतं खातं कोणाकडे, कोणत्या तारखेपासून आणि मुलाचं खातं कोण सांभाळणार, हे लिहून घ्या. पासवर्ड मात्र त्या कागदावर नको. तो कागद कोर्टाच्या दप्तरात जातो.