आषाढातली निगडीची पानं

वनस्पतींच्या अर्कांवर काम सुरू करणारी मुलं आधी विचारतात, सॉक्सलेट (गरम द्रावकानं अर्क काढायचं काचेचं उपकरण) लावू की थंड अर्क काढू? मी उलट विचारते, पानं कशी वाळवलीत? माझं एक वर्ष तिथंच गेलं.

जुलैत दापोलीजवळून निगडीची पानं आणली आणि पडवीत सावलीला वर्तमानपत्रावर पसरली, पुस्तकात असतं तशीच. पण आषाढात आपल्याकडे डब्यातलं मीठसुद्धा पाणी सोडतं, तिथं सावलीत पान वाळणार कसं? आठ दिवसांनी खालच्या थरातल्या पानांवर पांढुरकी झाक दिसली. धूळ समजून झटकली, दळली. मिथेनॉलच्या अर्कानं स्टॅफिलोकॉकस या जिवाणूच्या प्लेटवर मोठं स्वच्छ वर्तुळ दिलं, म्हणजे तेवढ्या जागेत जिवाणू वाढलेच नव्हते. आनंदानं डोळे भरून आले.

जानेवारीत त्याच झुडपाची पानं कडक वाळवून अर्क काढला, तर वर्तुळ निम्म्याहून लहान. सर म्हणाले, ऋतूनुसार फरक पडतो. पडतोच. पण जुलैच्या भुकटीचा डबा उघडला तेव्हा कुबट वास आला. जिवाणू मारणारी द्रव्यं बुरशीही बनवते, पेनिसिलिन तिच्यातूनच आलं. मी मोजत होते ते पानाचं की बुरशीचं, हे कळायला मार्गच उरला नव्हता.

पान डोळ्यांना स्वच्छ दिसलं तरी प्रश्न सुटत नाही. घाटातल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं. वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी 1966 साली ते एका चिनी झाडातून मिळवलं आणि पुढे त्यावरून टोपोटेकान, इरिनोटेकान ही कर्करोगाची औषधं आली. नरक्याच्या आत राहणारी एक बुरशीही तेच द्रव्य बनवते, असं 2005 मध्ये प्रसिद्ध झालं.

म्हणून पावसाळ्यात पानं आणायचीच असतील तर ट्रे-ड्रायरमध्ये 40 अंशांवर, एकेरी थरात वाळवा. रोज वजन करा; लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत दळू नका. भुकटी सिलिका जेलसोबत घट्ट डब्यात ठेवा. त्याच दिवशीची मूठभर ताजी पानं थेट मिथेनॉलमध्ये बुडवून ठेवा, पुढे शंका आली तर पडताळायला काहीतरी हाताशी राहील. प्लेटवर नुसत्या द्रावकाची चकतीही हवीच, म्हणजे वर्तुळ द्रावकामुळे आलं नाही ना ते कळतं.

परीक्षानळीतल्या रंगांवर माझा भरवसा नाही. मेयरच्या द्रावणानं (अल्कलॉइड ही नायट्रोजनयुक्त वनस्पती-द्रव्यं ओळखायची चाचणी) गाळ दिला की लगेच ‘अल्कलॉइड आहे’ लिहितात. गाळ प्रथिनंही देतात. आणि गाइड निवडताना त्यांचे शोधनिबंध मोजू नका, चिखलात उतरून झाड दाखवतात का ते बघा. पांढरा कुडा आणि काळा कुडा यांत गल्लत झालेले प्रबंध मी पाहिलेत. हर्बेरियमचा नमुना (ओळख पटवायला दाबून वाळवून जपलेली फांदी) पहिल्याच दिवशी करा.

वर्ष वाया गेलं तर घाबरून विषय सोडू नका. दुसऱ्या खेपेला मला सगळं चार महिन्यांत जमलं, कारण हात तयार झाला होता. जंगलातून काही आणणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी काढा. आणि विभागात ड्रायर एकच असेल तर वहीत तुमचं नाव आजच लिहा, पावसाळ्यात तो रिकामा मिळत नाही.